हिरवी चकचकीत, लांब पायांची माशी : ॲपने दिलेलं नाव नोंदवहीत लिहू का?

परसदार_देवरुख

नमस्कार. देवरुखजवळच्या एका वाडीत राहते. आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत या वर्षी माझं नाव घातलंय, आणि लोकजैवविविधता नोंदवहीतलं कीटकांचं पान माझ्या वाट्याला आलंय. झाडं, पक्षी, वहाळातले मासे यांची पानं आधीच्या लोकांनी छान भरली आहेत. कीटकांच्या पानावर मात्र "फुलपाखरे पुष्कळ, माश्या पुष्कळ" एवढंच होतं. ते मला बघवेना.

घराच्या मागे न्हाणीचं पाणी जातं तिथे अळवाचं बन आहे, कडेला हळद आणि चार कर्दळी. सकाळी आठ-साडेआठला माडांमधून कवडसे अळवावर पडले, की तिथे या माश्या येतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या. अंग हिरवं, मध्येच निळं, मध्येच तांब्यासारखं. घरातल्या हिरव्या माशीसारखी ही बसकी नाही, पायांवर उंच उभी असते, पुढची बाजू जरा वर उचललेली. चार पावलं धावते, थबकते, बाजूला सरकते, उडते आणि पुन्हा त्याच पानावर येते. एकीने माझ्यासमोर पानावरचा मावा उचलला आणि तिथेच चघळला. तेव्हापासून मी रोज तिथे उभी राहते.

माझ्या मते या दोन तऱ्हा आहेत. एकीचे पंख काचेसारखे स्वच्छ. दुसरीच्या पंखांवर दोन काळपट पट्टे. पहिल्या तऱ्हेतल्या काहींच्या तोंडासमोर केसासारखं लांबच लांब काहीतरी दिसतं.

मोबाईलला चिमट्याचं भिंग लावून ४१ फोटो काढले. त्यातल्या ३३ मध्ये नुसतं अळवाचं पान आहे! बोट लावेपर्यंत माशी असते, फोटोत नसते. जे आठ मिळाले ते फोटोवरून जीव ओळखणाऱ्या ॲपवर चढवले, तर दोन्ही तऱ्हांना एकच नाव आलं : कॉन्डायलोस्टायलस. एका परदेशी सदस्याने त्याला दुजोराही दिला.

आता हे नाव नोंदवहीत लिहू का? नोंदवही गावाची आहे, पुढची माणसं ती उघडून बघतील. चुकीचं नाव माझ्या अक्षरात राहू नये असं मनापासून वाटतं. आणि कशावरून ओळखायचं हे कोणी सांगितलं, तर पुढच्या वेळी मी स्वतः बघेन.

———

घाटवाट_मॅक्रो

ताई, आठही फोटो पाहिले. कॉन्डायलोस्टायलसच आहे. पुण्यात सोसायटीच्या बागेत मी ही माशी शंभरदा टिपली आहे. हिरवी, पायांची काडी, पंखावर पट्टे, दुसरं काही असूच शकत नाही. बिनपट्ट्याची आहे ती याच प्रजातीतली दुसरी जाती असेल. बिनधास्त लिहा.

रिकाम्या पानांबद्दल सांगतो, त्यात तुमचा काही दोष नाही. तुमच्या मोबाईलचा फ्लॅश आपोआप लागतोय, पानावरची चकाकी पाहून कळतं. या माश्या फ्लॅश लागताच उडतात. फ्लोरिडात आंद्रेई सोराकोव्ह या कीटकशास्त्रज्ञाने २०११ साली नेमकं हेच मोजून छापलं होतं. फ्लॅश पडल्यापासून पाच मिलिसेकंदांच्या आत माशी हलते, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागात. फ्लॅश विझायच्या आत ती पान सोडते, म्हणून फोटोत पंख उघडलेला पुसट ठिपका येतो किंवा काहीच येत नाही. फ्लॅश बंद करा, सकाळच्या उन्हातच काढा, आणि तुमची सावली तिच्यावर पडू देऊ नका. मी कोपर टेकवून, श्वास धरून, एका वेळी बोटभर पुढे सरकतो. ती एकाच पानावर परत येते हे तुमच्या ध्यानात आलंय, त्याचा फायदा घ्या. त्या पानावर आधीच नेम धरून थांबा.

———

द्विपंखी

परसदार ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. गेली बरीच वर्षं मी याच कुळातल्या माश्या सुईला टोचून भिंगाखाली बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. मराठी विश्वकोशात आणि आपल्या जुन्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत जीनसला प्रजाती म्हणतात आणि स्पीशीजला जाती. वर्तमानपत्रं सर्रास स्पीशीजला प्रजाती लिहितात. नोंदवहीच्या कुठल्या रकान्यात काय भरताय ते एकदा वरच्या ओळीत लिहून ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी कुणालाच अर्थ लागणार नाही.

कुळ नक्की आहे : डोलिकोपोडिडी. ग्रीकमध्ये डोलिकोस म्हणजे लांब आणि पूस म्हणजे पाय. जगभरात या कुळाच्या सात हजारांहून जास्त जाती वर्णिलेल्या आहेत. तुमच्या दोन्ही तऱ्हा त्यातल्या सायापोडिनी या उपकुळातल्या आहेत, हेही फोटोवरून सांगता येतं. त्याच्या दोन खुणा पाहा. माशीकडे समोरून पाहिलं तर दोन डोळ्यांच्या मधला माथा खोल खचलेला दिसतो, जणू बोटाने दाबलाय. दुसरी खूण पंखात. पंखाच्या मधोमध जाणारी शीर टोकाकडे दुभंगते आणि तिची पुढची फांदी एकदम कमान घेऊन वर वळते. तुमच्या सहाव्या फोटोत हा वळसा स्वच्छ दिसतोय. त्या फोटोसाठी तुमचं खास अभिनंदन. याच उपकुळातल्या मेसोऱ्हागा या प्रजातीत ती शीर दुभंगतच नाही, तेव्हा मेसोऱ्हागा आपण आत्ताच बाजूला काढू शकतो.

इथून पुढे फोटो अपुरे पडतात. घाटवाट, तुमचे फोटो मी नेहमी पाहतो, फ्लॅशबद्दल तुम्ही सांगितलंत ते अगदी खरं आहे. पण नावाशी मी सहमत नाही. हिरवा रंग या उपकुळात जवळजवळ सगळ्यांना आहे. तो रंगद्रव्याचा नाही, कवचाच्या पातळ थरांवर प्रकाश परावर्तित होऊन दिसणारा आहे, म्हणून माशी वळली की हिरव्याचं निळं आणि निळ्याचं तांबूस होतं. पंखावरचे पट्टेही प्रजाती ठरवत नाहीत. कॉन्डायलोस्टायलसच्या पुष्कळ जातींना पट्टे आहेत हे खरं, पण तसे पट्टे आपल्याकडच्या प्लाजिओझोपेल्मालाही असतात आणि क्रायसोसोमाच्या काही जातींनाही. कॉन्डायलोस्टायलसच्या बहुतांश जाती अमेरिका खंडांतल्या आहेत, आपल्या बाजूला त्या फार थोड्या. सोराकोव्ह यांची माशीही फ्लोरिडातली कॉन्डायलोस्टायलसच होती. ॲपला शिकवलेले फोटो बरेचसे तिकडचे असणार असं मला वाटतं. त्यामुळे हिरवी लांबपायी माशी दिसली की त्याच्या तोंडी तेच नाव येतं, आणि मग आपण एकमेकांचं बघून दुजोरा देत जातो.

मग बघायचं काय? मिशी. या माश्यांची मिशी आखूड असते, तीन पेरांची, आणि शेवटच्या पेरातून एक बारीक केस निघतो. तो केस पेराच्या पाठीवरून निघतो की नेमका टोकातून, हा पहिला प्रश्न. कॉन्डायलोस्टायलसमध्ये तो पाठीवरून निघतो. क्रायसोसोमामध्ये टोकातून, आणि नरांमध्ये तो कधी कधी इतका लांब असतो की डोक्यासमोर काठी धरल्यासारखं वाटतं. "तोंडासमोर केसासारखं लांबच लांब" हे तुमचं वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. केस टोकातून निघत असेल तर मिशीचं पहिलं पेर बघा. नरात ते फुगून सुरईसारखं झालं असेल तर प्लाजिओझोपेल्माचा विचार करायचा. मग पाठीच्या शेवटी जो छोटा त्रिकोणी उंचवटा असतो त्यावरचे राठ केस. मधली जोडी सगळ्यांना असते. बाजूची जोडी अगदी बारीक लवेसारखी किंवा नसल्यासारखीच असेल तर अँब्लिप्सिलोपस संभवते. ही प्रजाती आपल्याकडे भरपूर आहे, आणि तिच्यात मिशीच्या केसाची जागा एकसारखी नसते, म्हणून पाठीवरचे केस बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

या सगळ्याची घडी बसवली ती सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममधल्या डॅनियल बिकेल यांनी. १९९४ साली त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या सायापोडिनींवर मोठा ग्रंथ काढला आणि त्यातच आपल्या भागाचा आढावा आणि जगभरच्या जातींची मांडणी केली. त्याआधी किती माश्या चुकीच्या घरात राहत होत्या! मायगेनने १८२४ मध्ये सायलोपस हे प्रजातीनाव दिलं, पण ते नाव पोलीने १७९५ मध्येच एका मृदुकाय प्राण्याला देऊन ठेवलेलं होतं. एक नाव दोन प्राण्यांना चालत नाही, म्हणून १८४२ मध्ये झेलरने सायापस हे नाव आणलं. जुन्या याद्यांत सायलोपस नावाखाली आपल्याकडच्या ज्या माश्या सापडतात, त्या आज चार-पाच वेगवेगळ्या प्रजातींत विखुरलेल्या आहेत. आणि आजच्या प्रजातींच्या सीमाही दगडावरच्या रेघा नाहीत. अँब्लिप्सिलोपस हे एकाच वंशाचं घर आहे असं खुद्द तज्ज्ञही मानत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं : जिथवर डोळ्यांनी खूण पाहिली तिथवरच नाव लिहा. आज "कुळ डोलिकोपोडिडी, उपकुळ सायापोडिनी, दोन तऱ्हा" एवढं लिहिलंत तर ती नोंद शंभर टक्के खरी आहे. पुढचं हवं असेल तर एकेक नमुना हातात घ्यावा लागेल.

———

मिरचीवाला_लांजा

मध्येच विचारतो, माफ करा. ही माशी माझ्या मिरचीच्या वाफ्यातही असते. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावलेत, त्यांवर ही हिरवीही अडकते, पाच-सहा तरी दिसतात. ही पिकाची शत्रू की मित्र? मित्र असेल तर सापळ्यांचं काय करायचं?

———

द्विपंखी

मित्र. मोठी माशी मावा, फुलकिडे, कोळी असे मऊ अंगाचे बारीक जीव पकडून खाते. अळ्या बहुतेक जातींत ओल्या मातीत राहतात आणि तिथल्या बारीक जिवांवर जगतात. परसदार ताईंच्या अळवात या माश्या का, याचं उत्तर न्हाणीच्या पाण्यात आहे : वर मावा आणि खाली सतत ओली माती. या कुळात खोडाच्या आत राहून झाड खाणारी थ्रिप्टिकस नावाची एक प्रजाती आहे, पण ती वेगळी, तुमच्या मिरचीशी तिचा संबंध नाही. पिवळा रंग या माश्यांनाही ओढतो. पांढरी माशी आटोक्यात आली की सापळे काढून ठेवा, बारा महिने टांगलेले नकोत. आणि मावा दिसल्या दिसल्या फवारणी केलीत तर माव्याबरोबर हिलाही मारता.

———

परसदार_देवरुख

द्विपंखी सर, तुमचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. घाटवाट दादांचंही ऐकलं, फ्लॅश बंद केल्यावर पहिल्याच सकाळी २० पैकी १४ फोटोंत माशी आली.

नमुना हातात घ्या म्हणालात तेव्हा दोन दिवस मन तयार होईना. रोज बघते त्या माशीला मारायचं म्हणजे जिवावर येतं. म्हणून मिरचीवाल्यांचं वाचून शेजारच्या मळ्यातल्या चिकट सापळ्यावरची मेलेली माशी मागून आणली. रॉकेलमध्ये घालून गोंद सोडवला. माशी सुटली, पण पाठीवरचे केस गोंदाबरोबर गेले आणि मिशी अर्धीच राहिली. पंख मात्र शाबूत. शाळेत फोल्डस्कोप, म्हणजे घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक आहे, तो बाईंकडून आणला आणि पंख सेलोटेपवर चिकटवून खिडकीकडे धरला. सर, तो वळसा दिसला! शीर जाते, दुभंगते, आणि एक फांदी अशी वर वळते, जशी पाणंद वहाळाला अडली की वळते. माझ्या बारा वर्षांच्या भाचीने तो वहीत काढलाय.

आता मिशी आणि केस बघायचे तर चांगला नमुना कसा मिळवू?

———

द्विपंखी

पिवळी प्लॅस्टिकची थाळी घ्या, त्यात दोन बोटं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. अळवाच्या बुंध्याशी सकाळी ठेवा, दुपारी काढा. साबणामुळे माशी पाण्यावर तरंगत नाही, लगेच बुडते. प्रत्येक तऱ्हेचे दोन-दोन नमुने पुरेत, मिळाले की थाळी उचलून ठेवा. छोट्या बाटलीत स्पिरिट घालून त्यात ठेवा, आणि कागदाच्या चिटोऱ्यावर गाव, तारीख, झाड आणि कोणी पकडलं ते शिसपेन्सिलीने लिहून तो चिटोरा बाटलीच्या आत टाका. पेनाची शाई विरघळते. चिटोऱ्याशिवायची माशी म्हणजे पत्त्याशिवायचं पत्र. बघायला सोनाराचं दहा पटीचं भिंग पुरेल.

नर घ्या. पोटाचं टोक खालून पुढे दुमडलेलं असेल तर नर, निमुळतं सरळ असेल तर मादी. जाती ठरते ती नराच्या त्या दुमडलेल्या टोकाच्या रचनेवर, ते काम मोठ्या सूक्ष्मदर्शकाचं. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, पुढे कधी नमुने तिथे दाखवता येतील.

———

घाटवाट_मॅक्रो

द्विपंखी सर, काल रात्री बसून माझे जुने फोटो काढले. कॉन्डायलोस्टायलस म्हणून मी चढवलेल्या २६ नोंदी आहेत. मिशी नीट दिसते अशा फक्त नऊ, आणि त्या नऊंपैकी सातांत केस सरळ टोकातून निघतोय. इतकी वर्षं मी पंखांचे पट्टे धारदार येण्यासाठी धडपडत होतो, मिशीवर फोकस कधी धरलाच नाही. सव्वीसही नोंदी मागे घेऊन उपकुळावर आणल्या. ताई, "बिनधास्त लिहा" हे माझे शब्द मागे घेतो.

———

परसदार_देवरुख

कालचा रविवार यातच गेला. थाळीत पाच माश्या आल्या, तीन बिनपट्ट्याच्या, दोन पट्टेवाल्या. घरी दुरुस्तीचं काम करणारे एक सोनारकाका आहेत, त्यांनी त्यांचं भिंग दिवसभरासाठी दिलं आणि स्वतःही बघायला येऊन बसले.

बिनपट्ट्याच्या तिघींत दोन नर. मिशीचा केस टोकातून निघतो, शंका नाही. लांबी इतकी, की मागे वळवला तर पोटाच्या अर्ध्यापर्यंत पोचेल. पहिलं पेर फुगलेलं नाही. पाठीच्या त्रिकोणावर दोन जोड्या, बाहेरची जोडीही राठ, आतल्यापेक्षा जराशीच आखूड. काकांनाही न सांगता मोजायला लावलं, तेही चार म्हणाले. डोळ्यांवर उन्हात तांबडे-हिरवे पट्टे होते, ते पाण्यातून काढल्यावर तासाभरात विझले.

पट्टेवाल्या दोन्ही माद्या निघाल्या. त्यांचा केस टोकाच्या जवळून निघतो, पण नेमका टोकातून की किंचित वरून, हे मी आणि भाचीने वेगवेगळं सांगितलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी माझंच मत बदललं.

म्हणून नोंदवहीत असं लिहिलंय :

"लांबपायी माशी, पहिली तऱ्हा. कुळ डोलिकोपोडिडी, उपकुळ सायापोडिनी, प्रजाती क्रायसोसोमा, जाती ठरलेली नाही. पंख स्वच्छ, मिशीचा केस टोकातून, पाठीवर चार राठ केस. दोन नर, एक मादी, बाटली क्रमांक १. अळू, न्हाणीच्या पाण्याजवळ. मावा खाताना पाहिली.

लांबपायी माशी, दुसरी तऱ्हा. कुळ डोलिकोपोडिडी, उपकुळ सायापोडिनी, प्रजाती ठरलेली नाही. पंखावर दोन पट्टे. दोन माद्या, बाटली क्रमांक २. नर शोधायचा आहे."

सर, पहिल्या नोंदीत प्रजातीचं नाव लिहिण्याइतकं मी पाहिलंय ना?

———

द्विपंखी

पाहिलंय. क्रायसोसोमा राहू द्या. भाचीने काढलेलं पंखाचं चित्र त्याच पानावर चिकटवा.

पट्टेवाल्याचा नर पाऊस ओसरल्यावर उन्हाच्या कवडशात शोधा. मादीसमोर पंख हलवत, पाय उचलत नाचताना सापडेल.